चार सॉफ्टवेअर, चार पासवर्ड, एकच लॉगिन कसं करायचं? (कॉलेज, मूडल + कोहा + जँगो + जुनं पीएचपी)

लॅबताई_कोकण

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब बघते, म्हणजे पद लॅब असिस्टंटचं पण सर्व्हर, वेबसाइट, प्रिंटर, प्रोजेक्टर सगळं माझ्याकडेच येतं. ज्युनियर-सीनियर धरून साधारण १८०० मुलं आणि ९० च्या आसपास स्टाफ.

आमच्याकडे चार वेब ॲप्लिकेशन चालतात. नोट्स आणि टेस्टसाठी मूडल, लायब्ररीला कोहा, हजेरीसाठी आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने जँगोमध्ये (पायथनमध्ये वेबसाइट बनवायची तयार चौकट) लिहून दिलेलं एक ॲप, आणि फी-स्कॉलरशिपचं जुनं, पीएचपी भाषेत लिहिलेलं ॲप. पहिली तीन आमच्याच डोमेनच्या सबडोमेनवर आहेत, फीचं मात्र पूर्वीपासून वेगळ्याच डोमेनवर. चारही ठिकाणी युजरनेम वेगळं, पासवर्ड वेगळा.

जून-जुलैत लॅबच्या दाराशी जी रांग लागते ना, ती प्रॅक्टिकलची नसते, पासवर्ड रिसेटची असते. मागच्या पावसाळ्यात एक एफवायची मुलगी आली, रोज दीड तास एसटीने येते, वहीच्या शेवटच्या पानावर चारही पासवर्ड निळ्या पेनाने लिहून ठेवले होते आणि वही भिजली. पान माझ्यासमोर धरून म्हणाली मॅडम हा ५ आहे का एस आहे? शाई पूर्ण फुटली होती. त्या दिवशी तिची टेस्ट हुकली. तेव्हापासून डोक्यात बसलंय की हे एक करायचंच.

मी काय करून बघितलं ते सांगते. एक कॉमन युजर टेबल केलं आणि सगळ्या ॲपना तिथूनच पासवर्ड वाचायला लावायचा असं ठरवलं. पीएचपीचं जमलं, जँगोला ते हॅशच, म्हणजे पासवर्डचं गुंतवून ठेवलेलं रूपच, कळेना (जुन्या पीएचपीमध्ये एमडी५ नावाची जुनी पद्धत आहे). मग सेशनची (हा माणूस लॉगिन झालाय या नोंदीची) कुकी मेन डोमेनवर सेट केली म्हणजे सबडोमेनना ती मिळेल, तर मिळाली, पण पीएचपीचं सेशन जँगोला वाचता येत नाही. मूडलच्या लॉगिनच्या फाइलमध्ये थोडा बदल केला तो पुढच्या अपग्रेडला उडून गेला. आणि फीच्या डोमेनवर तर कुकी जातच नाही.

दुसरं म्हणजे लॉगआउट. लॅबची मशीन सगळी शेअर्ड. एक मुलगा मूडलमधून लॉगआउट होऊन गेला, कोहा दुसऱ्या टॅबमध्ये तसाच उघडा, पुढच्या बॅचचा मुलगा बसला आणि त्याने आधीच्या मुलाच्याच खात्यावर तीन पुस्तकं रिझर्व्ह केली. लायब्ररीत भांडण. हे तर पुस्तकांचं झालं, फीच्या ॲपमध्ये जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक खातं सगळं आहे.

तर प्रश्न असा की एकच लॉगिन नक्की कसं करतात, जुन्या पासवर्डचं काय करायचं, आणि एकदा लॉगआउट म्हणजे सगळीकडून लॉगआउट असं खरंच होतं का? बजेट जवळपास शून्य, यासाठी मोकळा सर्व्हर एक आहे, १६ जीबी रॅमचा.

---

रात्रपाळी_डेव्ह

ताई, आधी ते कॉमन टेबल सोडून द्या, मनापासून सांगतोय. कॉमन टेबल म्हणजे चारही ॲपना प्रत्येकाचा पासवर्ड हाताळायला देणं. चारांपैकी जे सगळ्यात कच्चं आहे (तुमच्याकडे ते जुनं पीएचपी असणार) तिथून कोणी आत शिरला की चारही ॲप गेली. मेन डोमेनवरच्या कुकीचंही तेच, कुठलंही एक सबडोमेन फुटलं की ती कुकी त्याच्या हातात.

करायचं ते असं की पासवर्ड फक्त एका जागी टाकला जाईल, आणि बाकीच्या ॲपना पासवर्ड कधी दिसणारच नाही. एसटीच्या पासवरून बघा. मुलगी डेपोत जाते, बोनाफाइड दाखवते, डेपो खात्री करून पास देतो. नंतर रोज कंडक्टर काय बघतो? पास. शिक्का डेपोचा आहे ना, तारीख संपली नाही ना, आणि मार्ग हाच आहे ना. कंडक्टर कधी बोनाफाइड मागत नाही, त्याला गरजच नाही, कारण त्याचा डेपोच्या शिक्क्यावर विश्वास आहे. इथे डेपो म्हणजे लॉगिन सर्व्हर, कंडक्टर म्हणजे तुमची चार ॲप, आणि पास म्हणजे टोकन. शिक्का म्हणजे डिजिटल सही, तारीख म्हणजे टोकनची एक्स्पायरी, आणि मार्ग म्हणजे ऑडियन्स, म्हणजे हे टोकन कोणत्या ॲपसाठी काढलंय ते. ही तिन्ही तपासणी ॲपने करायचीच. ऑडियन्स न बघणारी ॲप मी स्वतः पाहिलीयेत, तिथे लायब्ररीसाठी काढलेला पास फीच्या गाडीत चालून जातो.

प्रत्यक्षात ब्राउझरमध्ये काय होतं तर, मुलगी हजेरीच्या ॲपवर जाते, ॲप बघतं की माझ्याकडे हिचं सेशन नाही, तिला लॉगिन सर्व्हरवर पाठवतं. तिथे ती पासवर्ड टाकते. लॉगिन सर्व्हर स्वतःच्या डोमेनवर स्वतःची कुकी ठेवतो आणि तिला एक छोटा एकदाच चालणारा कोड देऊन परत पाठवतो. तो कोड हजेरीचं ॲप मागच्या दाराने, म्हणजे सर्व्हर टू सर्व्हर, लॉगिन सर्व्हरला देतं आणि बदल्यात टोकन घेतं. आता ती कोहाला गेली, कोहानेही तिला लॉगिन सर्व्हरवर पाठवलं, पण तिथे कुकी आधीच आहे, त्यामुळे काही न विचारता सेकंदभरात नवा कोड घेऊन परत. तिला वाटतं आपण थेटच आत आलो. यात एका डोमेनची कुकी दुसऱ्या डोमेनला द्यायची भानगडच नाही, म्हणून तुमचं फीचं वेगळं डोमेनसुद्धा आरामात बसतं.

याचं नाव ओपनआयडी कनेक्ट, २०१४ मध्ये आलेलं, ओऑथ २.० च्या वर बांधलेलं. त्याआधीपासूनचं सॅमल २.० आहे, २००५ चं, एक्सएमएलवालं, युनिव्हर्सिट्यांमध्ये अजून भरपूर चालतं. तुम्हाला कदाचित दोन्ही लागतील, घाबरू नका, लॉगिन सर्व्हर एकच राहतो आणि तो दोन्ही बोलतो. कीक्लोक घ्या, तो तयार लॉगिन सर्व्हरच आहे. ओपन सोर्स, पैसे नाहीत, १६ जीबीत सहज बसेल. फक्त डेटाबेस पोस्टग्रेसचा वेगळा द्या, डेव्ह मोडमध्ये (नुसतं करून बघायच्या मोडमध्ये) चालू करून तसाच लाइव्ह ठेवू नका.

तुमच्या संस्थेला आधीच गुगलची शिक्षणसंस्थांसाठीची खाती मिळालेली असतील आणि प्रत्येक मुलाचं संस्थेचं ईमेल असेल तर गुगललाच लॉगिन सर्व्हर करता येतं, मग कीक्लोकची गरजही नाही. आहे का तसं?

---

लॅबताई_कोकण

दादा एसटीच्या पासचं उदाहरण उद्या प्राचार्यांना सांगणार आहे, मला स्वतःला पहिल्यांदा नीट कळलं. संस्थेचं ईमेल फक्त स्टाफला आहे, मुलांना नाही. मुलांचे स्वतःचे जीमेल आहेत पण अर्ध्यांचे मोबाइलच्या दुकानात बनवलेले, पासवर्ड दुकानदाराला माहीत, त्यांना नाही. म्हणून माझा विचार पीआरएन नंबर (युनिव्हर्सिटी प्रत्येक मुलाला देते तो) युजरनेम करायचा आहे. डिजिलॉकरने लॉगिन ठेवता येईल का असंही आमच्या एका सरांनी विचारलं, सरकारी साइटवर येतं ना तसं.

---

देवगड_ते_डब्लिन

मी गेली काही वर्षं हेच काम करतो, लॉगिन आणि आयडेंटिटी, म्हणून थोडं सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

सरांनी सांगितलेलं सरकारी साइटवरचं ते मेरी पहचान, २०२२ च्या जुलैत सुरू झालं, त्यात डिजिलॉकर, ई-प्रमाण आणि जन परिचय अशी तीन खाती चालतात. कल्पना तीच, डेपो एक आणि गाड्या अनेक. पण ते सरकारी सेवांसाठी आहे आणि कॉलेजच्या रोजच्या हजेरीला आधारशी जोडलेलं खातं मागणं मला स्वतःला पटत नाही. तुमचा डेपो तुमचाच ठेवा.

आता मुख्य मुद्दा, आणि यावर मी हट्टाने बोलणार आहे. सगळे जण कीक्लोक का अजून काही, ओपनआयडी का सॅमल यावर महिना घालवतात, आणि खरा प्रश्न पाच मिनिटांत उरकतात, तो म्हणजे माणूस कशावरून ओळखायचा. चार ॲपमध्ये चार वेगळी खाती आहेत, ती चारही एकाच मुलीची आहेत हे कोणत्या नंबरवरून ठरवणार?

मी आधी जिथे होतो तिथे ईमेल ही किल्ली होती. एक बाई सोडून गेल्या, खातं बंद झालं, दोन वर्षांनी त्याच नावा-आडनावाच्या दुसऱ्या बाई जॉइन झाल्या, आयटीने तोच ईमेल पत्ता मोकळा आहे म्हणून त्यांना दिला. पहिल्या दिवशी त्यांनी रजेचं ॲप उघडलं तर आधीच्या बाईंच्या सगळ्या रजा, मेडिकल सर्टिफिकेट, ऑपरेशनचे कागद समोर. त्या स्वतःच माझ्या टेबलाशी आल्या, चेहरा पडलेला, म्हणाल्या हे माझं नाहीये आणि मी हे बघायला नको होतं. ॲपमध्ये बग नव्हता, सर्व्हर हॅक झाला नव्हता, आम्ही किल्ली चुकीची निवडली होती एवढंच. ते कागद आणि त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

ओपनआयडी कनेक्टच्या स्पेसिफिकेशनमध्ये यासाठीच सब नावाचं फील्ड आहे. ते त्या लॉगिन सर्व्हरपुरतं युनिक असतं आणि एकदा दिलेलं परत कधीच दुसऱ्याला द्यायचं नाही असा नियम आहे. ईमेल बदलतो, मोबाइल बदलतो (सिम बंद पडलं की तो नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच माणसाकडे जातो), लग्नानंतर आडनाव बदलतं. किल्ली यातली कुठलीच नको.

पीआरएन बरा आहे पण दोन प्रश्न. ज्युनियर कॉलेजच्या मुलांना पीआरएन असतो का? आणि एफवायला ॲडमिशनच्या दिवशी हातात असतो का?

---

लॅबताई_कोकण

नसतो. दोन्हीचं उत्तर नाही. अकरावी-बारावीला जीआर नंबर (जनरल रजिस्टरमधला) असतो, आणि एफवायचा पीआरएन युनिव्हर्सिटीत एनरोलमेंट झाल्यावर येतो, तोपर्यंत टेस्ट पण होऊन जाते. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

---

कार्डकॅटलॉग

मी ग्रंथपाल आहे, कोहा बारा वर्षं वापरतोय, कोहाचं सांगतो. २२.११ व्हर्जनपासून त्यात ओपनआयडी कनेक्ट आतच आलंय, आयडेंटिटी प्रोव्हायडर नावाने, वेगळं प्लगिन नको. तिथे एक मॅचपॉइंट विचारतात, ईमेल, युजरआयडी की कार्डनंबर. ईमेल ठेवू नका, डब्लिनवाल्या भाऊंनी वर सांगितलंच आहे. कार्डनंबर ठेवा. पण आधी बघून घ्या की तुमच्या ग्रंथपालांनी कार्डनंबरमध्ये काय भरलंय, कारण कार्डनंबर म्हणजे ओळखपत्रावरचा बारकोड, आणि मुलाने कार्ड हरवलं की बरेच ग्रंथपाल नवीन बारकोड चिकटवतात आणि कोहात नंबर बदलतात. मीसुद्धा तसंच करतो. म्हणजे तोही कायमचा नाही! तुमच्याकडे तसं होत असेल तर युजरआयडी वापरा आणि ते फील्ड मुलांना बदलता येणार नाही असं करा. ग्रंथपालांना या कामात पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, लायब्ररीचं काउंटर ही कॉलेजातली एकमेव जागा आहे जिथे प्रत्येक मुलाचा चेहरा आणि ओळखपत्र रोज समोरासमोर तपासलं जातं.

---

रात्रपाळी_डेव्ह

एकदम बरोबर. मग ताई संस्थेचा स्वतःचा नंबर काढा. ॲडमिशन पक्की झाली की मिळणारा, त्यात वर्ष नको, शाखा नको, वर्ग नको, कारण वर्ष टाकलं की ड्रॉप घेतलेल्या मुलाचं काय, शाखा टाकली की सायन्सचा आर्ट्सला गेला त्याचं काय. नुसता पुढे पुढे जाणारा नंबर, अकरावीला दिलेला टीवायपर्यंत तोच. पीआरएन, जीआर, मोबाइल, ईमेल हे सगळं त्याच्या पोटात माहिती म्हणून ठेवायचं, किल्ली म्हणून नाही. लॉगिनच्या पानावर मुलीने पीआरएन टाकला काय आणि हा नंबर टाकला काय ते वेगळं, आत ॲपना जाणारी ओळख मात्र हीच.

ॲपनिहाय सांगतो. जँगोला मोझिला-जँगो-ओआयडीसी वापरा. ते मुळात ईमेलवर युजर शोधतं, ते बदलायचं, फिल्टर_युजर्स_बाय_क्लेम्स नावाची मेथड ओव्हरराइड करून तुमच्या नंबरवर शोधायला लावा, चार ओळींचं काम आहे पण विसरू नका. मूडलमध्ये ओऑथ २ आतच आहे (३.३ पासून), पण ते ईमेलवर फार अवलंबून राहतं आणि तुमच्या मुलांचे ईमेल भरवशाचे नाहीत, म्हणून मी सॅमल २ चं प्लगिन घेईन, कॅटॅलिस्टवाल्यांचं, त्यात आयडी नंबरच्या फील्डवर जुळवता येतं. मूडलच्या कोअर फाइलला हात लावायचा नाही, म्हणजे अपग्रेडला काही उडणार नाही.

जुन्या पीएचपीचं लॉगिन आत शिरून बदलत बसू नका. अपाचे या वेब सर्व्हरवर चालतंय ना? मॉड_ऑथ_ओपनआयडीसी नावाचं मॉड्यूल बसवा. मग अपाचेच दारात उभा राहून लॉगिन बघेल आणि आत पीएचपीला रिमोट_युजर या व्हेरिएबलमध्ये तयार नंबर देईल. पीएचपीमध्ये फक्त लॉगिनचा फॉर्म काढायचा आणि तो नंबर वाचून सेशन चालू करायचं.

एमडी५ वाले पासवर्ड विसरा. त्यातून मूळ पासवर्ड सरळ वाचता येत नाही आणि तसेच कीक्लोकमध्ये ओढायचे तर जावामध्ये वेगळं प्लगिन लिहावं लागेल. आणि खरं सांगू का, ते आणूच नये, त्यातले निम्मे जन्मतारीख असणार. सगळ्यांना नवीन पासवर्ड करायला लावा. पण ते सत्राच्या मधे नको, ॲडमिशन कन्फर्म होते त्याच टेबलावर, पावतीसोबत, मुलगा समोर उभा असताना.

---

लॅबताई_कोकण

रविवारी बसले. कीक्लोक टेस्टला टाकलं, कोहा जोडलं आणि चक्क चाललं, म्हणजे पासवर्ड कीक्लोकवर टाकला आणि कोहात माझं नाव आलं, मी ग्रंथपाल मॅडमना फोन करून सांगितलं इतका आनंद झाला.

जँगोला मात्र अडकलंय. इनव्हॅलिड पॅरामीटर रीडायरेक्ट यूआरआय एवढंच येतं. कीक्लोकमध्ये पत्ता बरोबर टाकलाय, दहा वेळा बघितला. शेवटी नुसतं स्टार टाकलं तर चालतंय. तसंच ठेवू का?

---

देवगड_ते_डब्लिन

नको नको, स्टार काढा आत्ताच्या आत्ता. त्या फील्डचं कामच हे आहे की कोड फक्त तुमच्या ठरलेल्या पत्त्यावरच परत जावा. स्टार टाकला म्हणजे कोणीही एखादी लिंक बनवून मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकेल, पान तुमचंच खरं लॉगिनचं उघडेल, मुलं पासवर्ड टाकतील, आणि कोड त्याच्या साइटवर जाईल. पत्ता अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे, शेवटच्या स्लॅशसकट.

माझा अंदाज, तुमच्या जँगोच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे आणि एचटीटीपीएस तिथेच संपतं. आत जँगोला साधं एचटीटीपी दिसतं, म्हणून तो परतीचा पत्ता एचटीटीपीने बनवून पाठवतो आणि कीक्लोकमध्ये तुम्ही एचटीटीपीएस लिहिलंय. नजरेला दोन्ही सारखेच दिसतात, एका एसचा फरक. एरर आलेल्या पानाचा पूर्ण पत्ता ॲड्रेस बारमधून कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, त्यात दिसेल. एनजिनएक्समध्ये एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर पाठवा आणि जँगोच्या सेटिंगमध्ये सिक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडर टाका.

आणि सर्व्हरचं घड्याळ बघा. टोकनवर वेळ छापलेली असते, दोन मशीनच्या घड्याळात चार-पाच मिनिटांचा फरक पडला की एक म्हणतं टोकन अजून सुरूच झालं नाही, दुसरं म्हणतं संपलं, आणि हे कधी होतं कधी नाही, त्यामुळे माणूस दोन दिवस कोडमध्ये शोधत बसतो. क्रोनी (घड्याळ जुळवत राहणारा प्रोग्राम) चालू ठेवा सगळीकडे. तुमच्याकडे पावसाळ्यात लाइट सारखी जाते, जुन्या मशीनचा सेल गेलेला असेल तर रीस्टार्टनंतर घड्याळ हमखास चुकतं.

---

लॅबताई_कोकण

एसच होता!! आणि हजेरीच्या मशीनचं घड्याळ खरंच सहा मिनिटं मागे होतं. दोन्ही केलं, स्टार काढला, जँगो चाललं.

आता लॉगआउटचं सांगा ना कोणीतरी, माझा जीव त्यातच आहे.

---

रात्रपाळी_डेव्ह

लॉगआउट हा यातला सगळ्यात अवघड भाग आहे, त्यामुळे पूर्ण ऐकून घ्या. एकदा लॉगिन झालं की सेशन एक नसतं, पाच असतात. एक कीक्लोकचं आणि चार ॲपची स्वतःची. कंडक्टरने पास बघून एकदा गाडीत घेतलं की मग डेपोने पास रद्द केला तरी गाडीत बसलेल्याला कळत नाही. मुलाने मूडलमध्ये लॉगआउट दाबलं आणि फक्त मूडलचं सेशन गेलं तर उरली चार. त्यात कीक्लोकचं जिवंत, म्हणजे पुढच्या मुलाने मूडल उघडलं की पासवर्ड न मागता पहिल्याच्याच नावाने आत! एकच लॉगिन केल्यावर हा धोका आधीपेक्षा वाढतो, म्हणून हे न करता लाइव्ह जाऊ नका.

पहिलं काम, प्रत्येक ॲपचं लॉगआउट बटण कीक्लोकच्या लॉगआउटपर्यंत गेलंच पाहिजे. दुसरं, कीक्लोकने बाकीच्यांना कळवायचं. त्याचे दोन मार्ग. फ्रंट-चॅनेल म्हणजे ब्राउझरमध्ये लपलेल्या आयफ्रेम उघडून प्रत्येक ॲपला सांगायचं, पण त्याला थर्ड पार्टी कुकी, म्हणजे उघडलेल्या पानापेक्षा वेगळ्या डोमेनची कुकी, लागते आणि सफारीने त्या २०२० मध्येच पूर्ण बंद केल्या, त्यामुळे तुमच्या फीच्या डोमेनला त्याचा भरवसा नाही. बॅक-चॅनेल म्हणजे कीक्लोक सर्व्हर थेट ॲपच्या सर्व्हरला सांगतो की अमुक सेशन संपलं. हेच करा. मॉड_ऑथ_ओपनआयडीसीला ते येतं. मूडलच्या सॅमल प्लगिनमध्ये सॅमलचं स्वतःचं सिंगल लॉगआउट आहे. जँगोच्या त्या लायब्ररीत बॅक-चॅनेल नाही, तुम्हाला एक छोटा व्ह्यू लिहावा लागेल, लॉगिन होताना टोकनमधला एसआयडी (कीक्लोकच्या सेशनचा नंबर) आणि जँगोची सेशन की एका टेबलात लिहून ठेवायची आणि कीक्लोकचा निरोप आला की सही तपासून ते सेशन डिलीट करायचं. तोपर्यंत निदान सेशनरिफ्रेश हे मिडलवेअर चालू करा, ते ठरावीक वेळाने (मुळात १५ मिनिटं) कीक्लोकला परत विचारून येतं.

जँगोचं सेशन काहीच न बदलता २ आठवडे चालतं, हे माहीत होतं का? लॅबसाठी ते फार आहे. कीक्लोकमध्ये काही न करता बसलं तर ३० मिनिटांत सेशन जातं आणि जास्तीत जास्त १० तास. मी ती ३० ची मुदत १५ मिनिटांवर आणेन. कोहातही टाइमआउटचं सेटिंग आहे, ते बघा.

---

कार्डकॅटलॉग

यात माझं एक. आमच्याकडे ओपॅकच्या (मुलांनी पुस्तकं शोधायच्या) मशीनवर ब्राउझर गेस्ट मोडमध्येच उघडतो, शॉर्टकटलाच तसं दिलंय. खिडकी बंद केली की कुकी, हिस्टरी काही उरत नाही. मुलं लॉगआउट दाबत नाहीत हो, ती खिडकी बंद करून पळतात, बस चुकायची असते त्यांची. सर्व्हरवर जे करायचं ते कराच, पण हे लॅबच्या ४० मशीनवर एका दुपारी होतं.

---

लॅबताई_कोकण

गेस्ट मोड आजच केला सगळीकडे.

आता एक नवीनच सापडलं, लिहून ठेवते म्हणजे पुढच्या कोणाला तरी उपयोग होईल. जुनी खाती नव्या नंबरला जोडायला ऑफिसकडून पीआरएनची यादी घेतली, आमचा पीआरएन १६ आकडी. यादी एक्सेलमध्ये. जुळवायला गेले तर कोहातली ३०० च्या वर मुलं जुळेनात, आणि जी जुळली त्यात एकाच पीआरएनवर पाच-पाच, सहा-सहा नावं. सगळ्या नंबरांचा शेवटचा आकडा शून्य! तासभर डोकं धरून बसले. एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच नंबर धरतं, सोळावा आकडा सरळ शून्य करून टाकतं. म्हणजे जी मुलं फक्त शेवटच्या आकड्यात वेगळी होती ती सगळी एकच माणूस झाली. हे तसंच आत गेलं असतं तर एका मुलीला दुसरीचा उत्पन्नाचा दाखला दिसला असता, देवगडच्या दादांनी सांगितलं अगदी तसंच. ऑफिसच्या भाऊंसोबत बसून मूळ पीडीएफवरून परत यादी घेतली, कॉलम आधी टेक्स्ट करून मग पेस्ट, आणि जी शंकास्पद होती ती नाव, आईचं नाव, जन्मतारीख बघून हाताने. सहा दिवस लागले. पण आता प्रत्येक मुलाला एकच नंबर आहे आणि तो आमचा आहे.

आधी फक्त एसवायच्या एका वर्गाला कोहा आणि हजेरी सुरू करतेय, फीचं सगळ्यात शेवटी.

---

देवगड_ते_डब्लिन

ताई तुम्ही सहा दिवस घालवलेत ना, तेच खरं काम होतं. सर्व्हर बसवणं एका रविवारचं असतं.

फीचं शेवटी ठेवलंत हे उत्तम. ते सुरू करताना स्टाफला मोबाइलवरचा सहा आकडी ओटीपी कंपल्सरी करा, निदान ऑफिस आणि अकाउंट्सला, कीक्लोकमध्ये ते आतच आहे, कुठलंही ऑथेंटिकेटर ॲप चालतं, एसएमएसचा खर्च नाही. आधी क्लार्कचा एक पासवर्ड चौघांना माहीत असला तर एक ॲप उघडत होतं, आता चारही उघडतील, हे त्यांना समोर बसवून समजावून सांगा, ऐकतात लोक.

शेवटची गोष्ट. कीक्लोक बंद पडला की चारही दारं बंद, हे धरून चाला. फी भरायच्या शेवटच्या दिवशी किंवा टेस्टच्या सकाळी हे होऊ शकतं. पोस्टग्रेसचा बॅकअप रोज, दुसऱ्या मशीनवर, आणि महिन्यातून एकदा तो खरोखर रिस्टोअर करून बघा. मूडल, कोहा आणि जँगो तिन्हीत एकेक लोकल ॲडमिन खातं ठेवा जे कीक्लोकमधून जात नाही, आणि त्या खात्याचं लॉगिनचं पान फक्त कॉलेजच्या नेटवर्कमधून उघडेल असं करा. तिन्हीचे पासवर्ड लांबलचक, कागदावर लिहून, पाकिटात, लाखेने किंवा निदान सहीच्या चिकटपट्टीने बंद करून प्राचार्यांच्या कपाटात.

---

लॅबताई_कोकण

पाकीट आज दिलं. प्राचार्यांनी पावतीवर सही करून घेतली, तारीख टाकून.